दिल्लीची तिकिटे

आम्ही गावची चौदा माणसे दिल्ली बघायला गेलो. त्यांतली सहा रात्रीच्या वर्गात नुकतीच वाचायला शिकलेली. दिल्लीत हिंदी पाट्या असतात. हिंदीची अक्षरे आपलीच, बाळबोध. मग काय, स्टेशनापासूनच मंडळी पाट्या वाचत सुटली.

लाल किल्ला पाहिला. शहाजहान बादशहाने बांधलेला हा किल्ला १६४८ साली पुरा झाला. स्वातंत्र्यदिनी पंतप्रधान तेथे झेंडा फडकवतात. सोमवारी किल्ला बंद असतो, हे ध्यानात ठेवा. राजघाटावर गांधीजींची समाधी पाहिली. काळ्या दगडाचा साधा चौथरा! कुतुबमिनारही पाहिला. तो सुमारे ७३ मीटर उंच आहे.

पण आम्हांला सांगायचे आहे ते निराळेच. संसद मार्गावर डाक भवन आहे. तेथे टपालाच्या तिकिटांचे संग्रहालय आहे.

"तिकिटं काय बघायची, गुरुजी? चिकटवायची नि सोडून द्यायची," एकजण म्हणाला. तरी आम्ही त्यांना नेलेच.

पूर्वी पत्र जितके लांब जाई तितके पैसे जास्त पडत. गरिबाने दूरदेशी पत्र कसे धाडावे? १८५२ साली सिंध प्रांतात अर्ध्या आण्याचे तिकीट निघाले. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. आशिया खंडातले हे पहिले तिकीट. त्यातली काही तिकिटे लाखेची होती, ती लगेच तडकत. १८५४ पासून साऱ्या देशाला एक दर झाला. हलके पत्र अर्ध्या आण्यात कितीही लांब जाऊ लागले. आमच्या मते रेल्वेइतकेच हे मोठे काम होते.

स्वतंत्र भारताचे पहिले तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ रोजी निघाले. त्यावर तिरंगा आहे, आणि 'जय हिंद' ही अक्षरे आहेत. तिकिटांना नावे ठेवणाऱ्यानेच ती मोठ्याने वाचली!

आमच्याबरोबर एक मावशी होत्या. त्यांचे यजमान फौजेत होते. त्यांची पत्रे पोस्टमन वाचून दाखवी, सगळ्या आळीसमोर. "मनातलं काही लिहायचेच नाहीत हो ते. लोक ऐकतील म्हणून," मावशी म्हणाल्या. १९४८ सालच्या गांधीजींच्या तिकिटापाशी त्या थांबल्या. बोट धरून वाचू लागल्या, "बा... पू. बापू!" पुन्हा वाचले. मग डोळ्यांना पदर लावला.

आपल्या महर्षी कर्व्यांचेही तिकीट आहे. ते १९५८ साली निघाले, तेव्हा कर्वे हयात होते, शंभर वर्षांचे. खेड्यांत शाळा नव्हत्या, तेथे शाळा काढायला त्यांनी १९३६ साली मंडळ स्थापले होते.

बाहेर आल्यावर मावशींनी पोस्टकार्ड घेतले. लेकीला चार ओळी लिहिल्या. पिनकोडची सहा घरे मात्र आमच्याकडून भरून घेतली. मजकूर वाचू दिला नाही.