शब्दसूचीच्या प्लगिनसाठी घरचा सर्व्हर

सीमाभागातील बोलीच्या शब्दसूचीसाठी मी वर्डप्रेसचे एक छोटे प्लगिन लिहीत आहे. शब्द मराठी वर्णक्रमाने लावून दाखवणे, एवढेच त्याचे काम. चालू संकेतस्थळावर असले प्रयोग करू नयेत. एक अर्धविराम राहिला तरी वाचकांसमोर पान उघडेनासे होते. म्हणून आधी आपल्याच संगणकावर सर्व्हर उभा करावा.

विंडोजवर त्यासाठी एक्सॅम्प पुरते. अपाची, मारियाडीबी आणि पीएचपी त्यात एकत्र मिळतात. ‘एचटीडॉक्स’ फोल्डरमध्ये वर्डप्रेस ठेवावे, पीएचपीमायअ‍ॅडमिनमधून रिकामा डेटाबेस करावा आणि ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट’ उघडून विचारलेली माहिती भरावी. ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ फाइलमध्ये डीबगची सोय चालू केली की चुका लपून राहत नाहीत.

प्लगिनचे फोल्डर ‘डब्ल्यूपी-कंटेंट’मधील ‘प्लगिन्स’मध्ये जाते. मुख्य फाइलच्या आरंभीच्या टिपणीत प्लगिनचे नाव हवे. ते देवनागरीत चालते. फाइल मात्र ‘बॉम’विरहित यूटीएफ-८मध्ये जतन करावी. प्लगिन सुरू करताना ‘तीन अनपेक्षित अक्षरे’ अशी तक्रार आली, तर ती बहुधा बॉमचीच तीन बाइट असतात.

खरा प्रश्न क्रमाचा. पीएचपीचे साधे ‘सॉर्ट’ युनिकोडच्या क्रमांकांनी चालते. तिथे ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्यामध्ये बसतो. त्यामुळे ‘काळजी’ ‘कावळा’च्या आधी येते. ‘क्षेत्र’ तर ‘क्रम’च्या पाठोपाठ ‘क’मध्येच राहते, कारण युनिकोडच्या लेखी ‘क्ष’ म्हणजे क, हलन्त आणि ष. शाळेत आपण ह, ळ, क्ष, ज्ञ असे शिकवतो. तो क्रम हवा असेल, तर ‘इंटल’ विस्तारातील ‘कोलेटर’ला मराठीचा संकेत ‘एमआर’ द्यावा. ‘पीएचपी डॉट आयएनआय’मध्ये इंटलच्या ओळीआधी अर्धविराम असेल, तर तो काढून अपाची पुन्हा सुरू करावी. जोडाक्षर म्हणून ‘क्ष’ला ‘क’मध्येच ठेवावे, असे म्हणणारे संपादकही आहेत. माझा त्याला विरोध नाही. पण तो निर्णय संपादकाने घ्यावा, यंत्राने नव्हे.

मी चाचणीसाठी वीस-पंचवीस शब्दांची यादी कायम जवळ ठेवतो: काळजी, कावळा, क्रम, क्षेत्र, जोर, ज्ञान, हळद. बदल केला की आधी ती पाहायची. ती बरोबर लागली, तरी प्लगिन चढवण्यापूर्वी संकेतस्थळाच्या सर्व्हरवर इंटल आहे का, हे विचारून घ्यावे.