सुट्टीचा संकल्प (नववी ते बारावीच्या मुलामुलींसाठी, आणि थोडा पालकांसाठीही)



या महिन्याचा अभ्यासपाठ नववी ते बारावीच्या मुलांचा आहे. तो फॅमिली ग्रुपवर पाठवतो आहोत, म्हणजे आई-बाबा आणि आजी-आजोबाही वाचणार. जरूर वाचा. फक्त शेवटी जे पान भरायला सांगितले आहे ते मुलांचे आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

गुजरात बोर्डाच्या शाळांना मेच्या सुरुवातीपासून साधारण ३५ दिवसांचे वेकेशन असते. सीबीएसईवाल्यांचे नवे वर्ष एप्रिलमध्येच सुरू होते, त्यामुळे त्यांच्या दप्तरात सुट्टीचा गृहपाठही असतो. ३५ दिवस ऐकायला भरपूर वाटतात. आता हिशेब मांडू. गावी जाणे, मामाकडे जाणे, एखादे लग्न, यात आठ दिवस सहज जातात. नवी पुस्तके, युनिफॉर्म, अकरावीच्या प्रवेशाची धावपळ यात दोन. उरले २५. बडोद्याच्या मे महिन्यात पारा ४२-४३ वर गेला की दुपारी बारा ते पाच बाहेर पडायची सोय नाही आणि जेवणात केरीचा रस असला की डोळेही उघडे राहत नाहीत (आमचे तरी राहत नाहीत). तेव्हा दिवसाला मन लावून करायचे तास तीन धरा. २५ गुणिले ३, म्हणजे ७५ तास. तुमच्या हातात खरे एवढेच आहेत. बाकीचा वेळ झोप, खेळ, मित्रमैत्रिणी आणि आंबे यांचा. तोही तुमचाच, त्यातून चोरून अभ्यास काढायचा नाही.

हे ७५ तास कुठे लावायचे ते ठरवण्यासाठी नवे काही शिकायला नको. घरातल्या पूजेत आपण ते पाहत आलो आहोत. सत्यनारायण असो की वास्तुशांत, गुरुजी आधी संकल्प सांगतात. तो कधी नीट ऐकला आहे का? आधी स्थळ येते, कोणत्या नदीच्या कोणत्या तीरावर आपण बसलो आहोत ते. मग शक, संवत्सर, महिना, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. मग यजमानाचे गोत्र आणि नाव. मग कशासाठी करतो आणि नेमके काय करतो. एवढा सगळा पत्ता सांगून झाल्यावरच हातावरून पाणी सोडायचे. "यंदा जरा देवाचे करू या" असा संकल्प कुठल्याही गुरुजींनी सांगितलेला आम्ही ऐकलेला नाही.

पण वेकेशनला आपण काय म्हणतो? "या सुट्टीत मॅथ्स पक्के करायचे." यात ना स्थळ, ना काळ. आणि बहुतेक वेळा कर्ताही मुलगा नसतो, बोलणारी आई असते.

तेच वाक्य संकल्पासारखे सांगून बघू. दहावीत जाणारा मुलगा म्हणेल : "मी ११ मे ते २२ मे, रोज सकाळी सात ते साडेआठ, आतल्या खोलीतल्या टेबलावर, द्विचल रेषीय समीकरणांची उदाहरणे सोडवीन, रोज दहा. कारण नववीत या प्रकरणाला मी अडलो होतो आणि दहावीत ते पुढे येणार आहे." आता हे झाले की नाही झाले, ते संध्याकाळी वही उघडली की कळते. वाद नाही, रागावणे नाही. "कारण" मात्र लिहायलाच हवे. ज्या संकल्पाला कारण सुचत नाही तो दुसऱ्या कोणाचा तरी असतो.

अभ्यासाबद्दल आमचे मत असे की वेकेशनमध्ये पुढच्या वर्षाचे सगळे पुस्तक उरकायच्या मागे लागू नये. मागचे जे कच्चे आहे ते आधी. नववीची वार्षिक परीक्षेची उत्तरपत्रिका शाळेत दाखवतात. कुठे गुण गेले ते तिथेच कळते. गणितातली दोन प्रकरणे, विज्ञानातले एक, आणि ज्या भाषेत परीक्षा द्यायची त्या भाषेत रोज एक परिच्छेद स्वतःच्या शब्दांत लिहिणे. एवढे ४० तासांत बसते. उरलेले ३५ तास स्वतःच्या आवडीला ठेवा. त्यात हार्मोनियम येईल, पोहणे येईल, सायकल दुरुस्त करणे, पोळी गोल लाटणे (मुलग्यांनीसुद्धा), काहीही येईल.

*आपल्याच गावचा एक विद्यार्थी*

विनोबांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. पण ते आपल्या बडोद्यात शिकले हे मुलांना विचारले तर दहातल्या दोघांना माहीत असते. विनायक नरहरी भावे, जन्म १८९५, कोकणातल्या गागोद्याचा. वडील बडोद्यात नोकरीला, म्हणून कुटुंब इकडे आले. १९१३ साली ते इथूनच मॅट्रिक झाले.

हायस्कुलात दुसरी भाषा निवडायची वेळ आली तेव्हा वडिलांचे म्हणणे, फ्रेंच घे. आईचे म्हणणे, संस्कृत यायला हवे. आजच्या भाषेत सांगायचे तर घरात ए ग्रुप की बी ग्रुप असा तिढा. विनायकाने शाळेत फ्रेंच घेतले आणि संस्कृत घरी स्वतःच्या जोरावर शिकायला सुरुवात केली. शाळेच्या वेळापत्रकात संस्कृत कुठेच नव्हते. त्याची परीक्षा नाही, गुण नाहीत. फ्रेंच ही अभ्यासाची बाजू, संस्कृत ही स्वतःची, असे म्हणता येईल. पुढे १९३०-३१ मध्ये आईच्या इच्छेसाठी गीता मराठीत आली, ती "गीताई". तेव्हा आई हयात नव्हती. पण बी पडले ते या घरात, शाळकरी वयात.

आणि त्यांच्या सुट्ट्या? महाराज सयाजीरावांनी १९१० साली सेंट्रल लायब्ररी सुरू केली होती. विनोबांनी आठवणींत सांगितले आहे की सुट्टीच्या दिवसांत जेवण झाले की ते तिथे जाऊन दोन-तीन तास वाचत बसत. उन्हाळा, म्हणून सदरा काढून ठेवत आणि उघड्या अंगाने वाचत. तिथल्या माणसाने हटकले, कपडे कसे घालावेत याची अक्कल नाही का, असे विचारले. विनोबा म्हणाले, देवाने दिली आहे तेवढी अक्कल वापरतो आहे, आणि परत पुस्तकात डोके घातले. तक्रार वरपर्यंत गेली. मोठ्या साहेबांनी बोलावले आणि स्वतः खुर्चीत बसून या मुलाला उभे ठेवले. शिष्टाचार म्हणजे काय, यावर प्रश्न झाला. विनोबांनी सांगितले की आमच्याकडे आपण बसून दुसऱ्याला उभे ठेवणे हा शिष्टाचार समजत नाहीत. साहेब खूश झाले, खुर्ची दिली, काय वाचतोस ते विचारले आणि याला लागतील ती पुस्तके द्या म्हणून सांगितले.

मुलांना ही गोष्ट सांगितली की ती सदऱ्यावरच हसतात. हसू द्या. आम्हाला त्यातले "दोन-तीन तास" महत्त्वाचे वाटतात. वर आपण जो तीन तासांचा हिशेब केला, तो या गावात शंभर वर्षांपूर्वी एका मुलाने कोणी न सांगता पाळला होता. (पुढे १९१६ मध्ये त्यांनी आपली प्रमाणपत्रे चुलीत घातली, तो भाग बोर्डाचा निकाल लागेपर्यंत कोणी अनुकरणासाठी घेऊ नये, ही विनंती!)

मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी आजही आहे. आजची इमारत नंतरची. आत पुस्तकांच्या मजल्यांना जाड काचेची जमीन आहे, खालचा उजेड वर येतो. ज्या मुलांनी पाहिली नसेल त्यांनी एक सकाळ तिथे जावे. आणि सयाजीराव स्वतः? नाशिक जिल्ह्यातल्या कौळाण्याहून १८७५ मध्ये दत्तक आले तेव्हा वय बारा आणि अक्षरओळख नव्हती. मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी या चार भाषा ते त्यानंतर शिकले, ठरलेल्या वेळापत्रकाने, आणि १८८१ च्या डिसेंबरमध्ये कारभार हाती घेतला. "आता उशीर झाला" असे पंधराव्या वर्षी म्हणणाऱ्यांना आम्ही हेच उदाहरण देतो.

*मराठीचे काय?*

हा विषय आमच्या मनाजवळचा आहे, म्हणून थोडे जास्त लिहितो. आपली मुले इंग्रजी नाहीतर गुजराती माध्यमात शिकतात. घरी मराठी बोलतात, तेही "मी ट्यूशनवरून येऊन जाईन मग जमीन" असे. ऐकून हसू येते, पण वाचायला सांगितले की खरी अडचण कळते. एका घरी आजीने पोथीचा अध्याय नातीला वाचायला सांगितला, कारण मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते. अकरावीतली हुशार मुलगी, केमिस्ट्रीत ९० च्या वर गुण. पहिल्या ओवीलाच थांबली. आजी काही बोलली नाही, पोथी मिटून ठेवली. नात रडली. त्या वेकेशनमध्ये तिचा स्वतःचा संकल्प हाच होता, रोज दुपारी चार वाजता आजीला एक पान वाचून दाखवायचे. पहिल्या दिवशी पाच ओव्या झाल्या. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा अध्याय एका बैठकीत होत होता.

हे वाटते तेवढे अवघड नाही. हिंदीमुळे देवनागरी मुलांना येतेच. ळ गुजरातीत आहेच, फक्त अक्षर वेगळे दिसते. अडते ते दोन ठिकाणी. एक, च आणि ज चे दोन उच्चार. चार आणि चाक, जग आणि जाग, हे मोठ्याने म्हणून बघा. लिहिताना फरक दिसत नाही, कानानेच शिकावा लागतो, म्हणून शेजारी आजी हवी. दुसरे, "सुऱ्या", "दुसऱ्या" यातला तो आडवा र. एवढे सुटले की रोज दहा पाने या वेगाने २५ दिवसांत २५० पाने होतात. म्हणजे एक चांगले जाडजूड मराठी पुस्तक.

*पालकांसाठी दोन शब्द*

संकल्पात यजमानाने स्वतःचे नाव घ्यायचे असते. गुरुजी शब्द सांगतात, पण "मम" यजमानाच्या तोंडून यावे लागते. आपण इथे गुरुजींची जागा घ्यायची. विचारायचे, आठवण द्यायची, टेबल रिकामे करून द्यायचे. मोबाइलबद्दल मुलांशी भांडण्यापेक्षा त्या दीड तासात घरातले सगळेच फोन एका टोपलीत ठेवून बघा. आमच्या तीन-चार घरांत हे चालले आहे. सगळ्यात जास्त चुळबुळ बाबांची होते, असे मुले सांगतात.

याच महिन्यात दहावी-बारावीचे निकाल लागतात. ग्रुपवर टक्के टाकण्याची आपल्याला घाई असते, आनंद असतो, समजते. पण त्याच ग्रुपमध्ये एखादे मूल अपेक्षेपेक्षा कमी गुण घेऊन आतल्या खोलीत बसलेले असते आणि त्याचा फोनही वाजत असतो. यंदा निकालाच्या दिवशी आकडे ग्रुपवर टाकू नयेत, असे आम्ही सर्व सेविकांनी मिळून ठरवले आहे. अभिनंदन फोन करून करा, घरी जाऊन पेढा द्या. आणि ज्याचा निकाल मनासारखा नाही त्याच्या घरीही त्या दिवशी जाऊन या. गुणांचे विचारू नका, चहा घ्या, गप्पा मारा. त्या मुलाने संकल्पाचे पान आठ दिवसांनी भरले तरी चालेल. ७५ तासांतले ५० तरी उरतातच.

आता पानाचे. वहीचे एक पान घ्या, मध्ये उभी रेघ मारा. डावीकडे अभ्यासाचा एक संकल्प, उजवीकडे स्वतःचा एक. दोनच, तिसरा नको. प्रत्येकात तारीख कुठून कुठपर्यंत, वेळ, जागा, नेमके काम आणि कारण. खाली सही. मराठीत लिहिता आले तर उत्तम, नाहीतर गुजराती किंवा इंग्रजी चालेल. घडी घालून येत्या रविवारच्या किशोर वर्गाला आणा. पाने आम्ही वाचणार नाही, नाव बाहेर लिहून पाकिटात ठेवू आणि शाळा उघडल्यानंतरच्या पहिल्या रविवारी ज्याचे त्याला परत देऊ. वर्ग सकाळी साडेसातला आहे, उन्हामुळे अर्धा तास अलीकडे घेतला आहे. येताना पाण्याची बाटली आणि टोपी आणावी. ताक केंद्रावर मिळेल.