'चावी'ची रूपे : आदत्त नामांच्या मराठीकरणाविषयी एक टिपण

मराठीतील आदत्त शब्दांचा विचार बहुधा फार्सी, अरबी, पोर्तुगीज अशा याद्यांपाशी थांबतो. शब्द कोठून आला हे यादी सांगते. तो मराठी कसा झाला, हे मात्र त्याच्या रूपांवरूनच कळते. प्रस्तुत टिपणात 'चावी' या नामाच्या आधारे हा मुद्दा मांडला आहे.

लॅटिन 'क्लाविस' या नामापासून पोर्तुगीज 'चावे' झाले व त्यापासून मराठी 'चावी'. आजच्या पोर्तुगीजमध्ये आरंभीच्या 'च'चा उच्चार 'श' असा होतो. मराठीने जुना 'च' राखला आणि अंत्य 'ए'चा 'ई' केला. तिन्ही भाषांत हे नाम स्त्रीलिंगीच आहे. त्यामुळे शब्दाबरोबर त्याचे लिंगही आले, असे अनुमान कोणी करील.

'घमेले' या नामापाशी हे अनुमान टिकत नाही. लॅटिन 'कामेल्ला' व पोर्तुगीज 'गामेला' ही स्त्रीलिंगी. 'घमेले' मात्र नपुंसकलिंगी. 'भांडे', 'मडके' यांच्या पंक्तीत बसून ते 'घमेली', 'घमेल्यात' अशी रूपे घेते. तेव्हा 'चावी'चे लिंगही 'नदी'सारख्या ईकारान्त नामांच्या वर्गामुळे आणि 'किल्ली' या समानार्थी नामाच्या सान्निध्यामुळे स्थिरावले, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते.

पोर्तुगीज 'पाद्रे'चाही अंत्य 'ए' मराठीत 'ई' झाला. पण 'पाद्री' पुरुषवाचक असल्याने 'तेली'प्रमाणे चालतो : 'पाद्र्याला', अनेकवचन 'पाद्री'च. 'चावी'ची रूपे मात्र 'चावीला', 'चाव्या', 'चाव्यांना'. अंत्य स्वर एकच असूनही येथे वर्ग भिन्न झाले आहेत आणि हा निवाडा मराठीचा आहे.

नांदुरा परिसरातील वऱ्हाडीत हिंदीच्या संपर्काने 'चाबी' हे रूप ऐकू येते. तेथेही अनेकवचन हिंदीतील 'चाबियाँ' असे न होता 'चाब्या' होते आणि प्रत्यय 'ले' लागून 'चाबीले' असे रूप सिद्ध होते. शब्द दुसऱ्या वाटेने आला तरी व्याकरण बोलीचेच राहिले.

या दृष्टीने अलीकडच्या इंग्रजी आदानाकडे पाहणे अगत्याचे आहे. 'फाइल'चे 'फायली' झाले. परंतु 'बसेस', 'कॉलेजेस' या रूपांत नामाबरोबर इंग्रजी अनेकवचनही आले आहे. परक्या शब्दांनी मराठीची हानी होत नाही, हे 'चाव्या' आणि 'घमेली' यांनी सिद्ध केले आहे. चिंतेचा विषय असलाच तर तो परक्या रूपांचा आहे. म्हणून आदत्त शब्द शिकविताना मूळ भाषेच्या नावाबरोबरच लिंग, अनेकवचन व सामान्यरूप यांचीही नोंद विद्यार्थ्यांकडून करवून घेणे आवश्यक आहे.