दूध आणि गोठा



घरी दूध आले की बहुतेकांचा प्रश्न ठरलेला असतो : यात पाणी किंवा पावडर तर नाही ना? प्रश्न योग्यच आहे. पण केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले, तेव्हा आरोग्याला धोकादायक अशी भेसळ फक्त १२ नमुन्यांत आढळली. अफ्लाटॉक्सिन एम-१ नावाचे विष मात्र ३६८ नमुन्यांत आणि प्रतिजैविके (अँटिबायोटिक्स) ७७ नमुन्यांत मर्यादेपेक्षा जास्त निघाली. ही दोन्ही कोणी दुधात मिसळत नाही. ती जनावराच्या शरीरातूनच दुधात उतरतात. म्हणून या वेळी आम्ही गोठ्याविषयी लिहीत आहोत.

१९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले. शोध घेता घेता खाद्यातल्या बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत शास्त्रज्ञ पोहोचले. त्या बुरशीचे नाव अस्परजिलस फ्लेव्हस, त्यावरूनच विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. गाई-म्हशींच्या पोटात अशी पेंड गेली की यकृतात त्या विषाचे रूप बदलते आणि ते दुधात येते. ते यकृताला घातक असून कर्करोगालाही कारण ठरू शकते. आपल्याकडे एक किलो दुधात ०.५ मायक्रोग्रॅम एवढीच त्याची मर्यादा आहे. बडोद्याच्या आसपास सरकी पेंड (इकडच्या भाषेत कपासियाचा खोळ) सर्रास घालतात. पावसाळ्यात तिची पोती ओल्या भिंतीला टेकून राहिली की बुरशी धरते. माणसाने खराब म्हणून बाजूला काढलेले धान्य जनावराला घालायची सवयही यातलीच. ते शेवटी आपल्याच पेल्यात परत येते!

दूध उकळल्यावर क्षयाचे व ब्रुसेलोसिसचे जंतू मरतात, म्हणून ते उकळावेच. अफ्लाटॉक्सिन मात्र उकळून जात नाही. प्रतिजैविकांचाही उकळण्यावर भरवसा ठेवता येत नाही.

ही प्रतिजैविके येतात कुठून? मुख्यतः कासदाहाच्या उपचारातून. खेड्यात या रोगाला दगडी म्हणतात, कारण कास दगडासारखी कडक होते. जनावराला फार वेदना होतात, धार काढू देत नाही. धार काढल्यानंतर सडाचे छिद्र साधारण अर्धा तास उघडे राहते. तेवढ्यात जनावर शेणा-मुताच्या चिखलात बसले तर जंतूंना वाट मोकळी. जाणते गवळी धारेनंतर लगेच ताजी वैरण टाकतात ती यासाठीच, म्हणजे जनावर खात उभे राहते.

औषध दिल्यावर किती दिवस दूध विकू नये हे वेष्टनावर लिहिलेले असते. २०१२ च्या नियमाप्रमाणे, तसा कालावधी ठरवलेला नसेल तर किमान सात दिवस. रोज दहा लिटर देणारी म्हैस असेल तर सत्तर लिटर दूध फेकायचे. दोन जनावरांवर घर चालवणाऱ्याला हे सांगणे सोपे आहे, त्याने करणे कठीण. त्यापेक्षा कोरडी जमीन आणि चार मुठी वैरण केव्हाही स्वस्त.

गृहिणींना एक खूण ठाऊक असावी. दुधात प्रतिजैविक असेल तर विरजणातले जीवाणू मरतात आणि दही लागत नाही. अर्थात थंडी, जुने विरजण ही कारणेही असतात, तेव्हा लगेच गवळीकाकांशी भांडू नये.

कोजागिरीच्या मसाला दुधासाठी आपण एकदम बरेच दूध घेतो. भावाबरोबरच गोठ्याची व औषधाच्या दिवसांची चौकशी विश्वस्तांनी जरूर करावी.

आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी सुट्टीत एखाद्या गोठ्याला भेट द्यावी. पेंडीची पोती जमिनीवर आहेत की फळीवर, धारेनंतर जनावर बसते की उभे राहते, कासदाह झाल्यास दुधाचे काय करतात, हे नम्रपणे विचारून लिहून आणावे. चांगली टिपणे पुढील अंकात छापू.