कॉलेज नको? मग शिकणार कुठे, ते आधी सांगा!



"सर, मला मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकायचंय. बी.कॉम.ची तीन वर्षं कशाला घालवू?" असं विचारणारी मुलं मला नेहमी भेटतात. शेजारी वडील उभे असतात. त्यांचा प्रश्न वेगळा असतो: "उद्या धंदा बसला, तर याच्या हातात काय राहील?"

दोघांचंही बरोबर आहे. म्हणून भांडण बाजूला ठेवा आणि या तीन प्रश्नांची उत्तरं वहीत लिहा.

१. माझ्या धंद्याला कायद्याने कागद लागतो का?

मेडिकल स्टोअर काढायचं, तर नोंदणीकृत फार्मासिस्ट हवाच. घरांच्या वायरिंगची कंत्राटं घ्यायची, तर विद्युत परवाना हवा. तिथे शॉर्टकट नाही. पण मसाले, बेकरी, शिवणकाम, मोटार दुरुस्ती यांना पदवी कुणी विचारत नाही.

"पण बँक विचारेल ना?" पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचा नियम बघा. उत्पादनाचा प्रकल्प १० लाखांच्या वर किंवा सेवेचा ५ लाखांच्या वर असेल, तर किमान आठवी पास हवं. पदवीची अट नाही. बँकेला तुमचा प्रकल्प अहवाल पटला पाहिजे.

२. मग काम शिकू कुठे?

*आयटीआय:* इलेक्ट्रिशियनचा ट्रेड दोन वर्षांचा, दहावीनंतर. वायरिंगचा विचार असेल तर हाच रस्ता धरा.

*अप्रेंटिसशिप:* १९६१ च्या कायद्याखाली कारखान्यात शिकता येतं आणि विद्यावेतनही मिळतं. इथे फी भरायची नाही, उलट महिन्याला पैसे हातात येतात.

*आरसेटी:* ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. बँका चालवतात. प्रशिक्षण, राहणं, जेवण मोफत. कोर्स काही दिवसांचे ते काही आठवड्यांचे, आणि नंतर दोन वर्षं पाठपुरावा. तुमच्या जिल्ह्याच्या अग्रणी बँकेत चौकशी करा.

*विज्ञान आश्रम, पाबळ:* पुणे जिल्ह्यात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेली संस्था. वेल्डिंगपासून शेतीपर्यंत सगळं हाताने करत शिकायचं. वर्षभराचा निवासी अभ्यासक्रम आहे.

३. वडिलांच्या काळजीचं काय?

इथे बहुतेक मुलं चुकतात. घरच्यांशी वाद घालून पदवीचं दार कायमचं बंद करतात. तसं करू नका. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात काम सांभाळून पदवी घेता येते. दिवसा दुकान, रात्री पुस्तक. दमछाक होते, पण वडिलांना रात्री शांत झोप लागते, तीही कमाईच समजा.

आता एक कडू गोष्ट

अभ्यासाचा कंटाळा आला म्हणून कॉलेज सोडत असाल, तर सोडू नका. धंद्यात अभ्यास कमी नसतो, उलट रोज परीक्षा असते. तांब्याच्या तारेचा भाव कळला नाही, उधारी वसूल झाली नाही, की पेपर कोरा! कॉलेजात एटीकेटी मिळते, बाजारात मिळत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तीन वर्षांची फी, प्रवास, मेस आणि बुडालेली कमाई यांची बेरीज करा. शेजारी पर्यायी मार्गाचा खर्च लिहा.

२. तुमच्या धंद्यातल्या दोन दुकानदारांकडे चार-चार तास थांबा. गिऱ्हाईक काय मागतं, माल कुठून येतो, उधारी किती राहते, टिपून घ्या.

३. पुढच्या १२ महिन्यांत कुठल्या महिन्यात काय शिकणार, ते एका पानावर लिहा.

हे पान आधी वडिलांना दाखवा. ते जे प्रश्न विचारतील, साधारण तेच बँकेचा साहेबही विचारणार आहे. घरात उत्तरं देता आली, तर बँकेत पाय लटपटणार नाहीत.

आणि पान कोरंच राहिलं, तर सध्या कॉलेज सोडायची घाई करू नका.

भेटू पुढच्या व्हिडिओत. विषय आहे, प्रकल्प अहवाल कसा लिहायचा. वही-पेन घेऊन बसा!