भाषिक अल्पसंख्याक आयुक्त : अधिकार व मर्यादा

सीमा कितीही काळजीपूर्वक आखल्या, तरी प्रत्येक राज्यात अन्य भाषिकांचे समूह राहणारच, हे १९५६ च्या राज्य पुनर्रचनेच्या वेळीच स्पष्ट होते. म्हणून त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने संविधानात दोन अनुच्छेद घालण्यात आले. अनुच्छेद ३५०क नुसार अल्पसंख्य भाषिकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावयाचा आहे. अनुच्छेद ३५०ख नुसार राष्ट्रपती एक विशेष अधिकारी नेमतात. हेच भाषिक अल्पसंख्याक आयुक्त. त्यांचे कार्यालय १९५७ मध्ये सुरू झाले.

आयुक्तांकडे अर्ज केला की बंद पडलेला मराठी वर्ग उघडेल, असा पालकांचा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु तो बरोबर नाही. संरक्षक तरतुदींविषयी चौकशी करणे व राष्ट्रपतींना अहवाल सादर करणे, एवढेच त्यांचे कर्तव्य आहे. अहवाल संसदेपुढे ठेवला जातो व संबंधित राज्यांना पाठविला जातो. शिक्षक नेमण्याचा किंवा राज्याला आदेश देण्याचा अधिकार त्यांना नाही. असे निर्देश देण्याची सत्ता राष्ट्रपतींची आहे. आयुक्तांची अर्हता, कार्यकाल, पदच्युती यांविषयी तर संविधान मौनच बाळगते. घटनात्मक पदाच्या बाबतीत ही उणीव लहान म्हणता येणार नाही.

ज्याच्या हाती केवळ चौकशी आहे, त्याला आधार लागतो तो नोंदींचा. १९४९ च्या प्रांतिक शिक्षणमंत्री परिषदेने ठरविल्याप्रमाणे वर्गात १० किंवा संपूर्ण शाळेत ४० विद्यार्थी त्या भाषेचे असल्यास, त्या भाषेतून शिकविण्यासाठी शिक्षक द्यावयाचा आहे. पालकांची भाषेची पसंती शालेय वर्ष सुरू होण्यापूर्वीच नोंदवहीत घ्यावी, हेही पुढे मान्य झाले. खानापूर तालुक्यातील एखाद्या गावात अशी दहा मुले असतील, पण नोंदवहीच ठेवली नसेल, तर कागदोपत्री ती मुले नाहीतच. आणि आयुक्तांच्या पत्राला ‘मागणी नाही’ असे उत्तर देणे कार्यालयास फार सोपे जाते. याकरिता मागणी लेखी द्यावी, मुलांची नावे व इयत्ता लिहाव्यात आणि पोच घ्यावी. शिक्षण खात्याकडून उत्तर न आल्यास त्याच कागदांच्या प्रती आयुक्तांकडे पाठवाव्यात.

मुलाची मातृभाषा कोणती, हे लिपिकाने ठरवावयाचे नाही. ती पालकांनी ठरवावी, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नाटकातील प्रकरणात ६ मे २०१४ रोजी सांगितले. मातृभाषेच्या माध्यमाची सक्ती राज्याला करता येणार नाही, असेही त्याच निर्णयात आहे. म्हणजे मागणी पालकांकडूनच यावयास हवी.