गुरुवारचा पाठ : आश्रिताला काय द्यावं?



लग्नाचा बस्ता काढायला आपल्याकडची बरीच घरं कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला जातात. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची ती वसाहत, एवढं आपल्याला ठाऊक असतं. पण त्याच्या आधी, १९४३ ते १९४८, तिथं वळिवड्याच्या माळावर पोलंडची माणसं राहत होती. सुमारे ५,०००. त्यांत बायका आणि मुलंच जास्त.

महायुद्धात रशियानं या कुटुंबांना घरातून उचलून सैबेरियाकडं नेलं होतं. १९४१ नंतर सुटका झाली आणि इराणमार्गे ती हिंदुस्थानात आली. नवानगरच्या जामसाहेबांनी १९४२ मध्ये गुजरातेत बालाचडीला पोलंडच्या अनाथ मुलांना ठेवून घेतलं. त्यातलीही बरीच पुढं वळिवड्याला आली.

शिबी राजानं कबुतराला आसरा दिला, ही गोष्ट आपण पोरांना सांगतो. तू कुठल्या झाडावरचं, असं त्यानं विचारलं नव्हतं.

वळिवड्याला जागा मिळाली कोल्हापूर संस्थानात. खर्चाचा भार मुख्यतः पोलंडच्या लंडनमधल्या परागंदा सरकारनं उचलला. छावणीत दवाखाना होता, त्यांचं चर्च होतं आणि शाळा होत्या, त्याही पोलिश भाषेतल्या. आम्हाला यातलं शाळेचं मोल सगळ्यात मोठं वाटतं. भाकरीवर ती मुलं जगली असतीच, पण स्वतःच्या भाषेत शिकल्यामुळं ती पोरकी झाली नाहीत. त्यातली कितीतरी जण म्हातारपणी मुद्दाम कोल्हापूर बघायला आली. महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे, जाल तेव्हा मुलांना दाखवा.

आता आपल्या दाराशी बघूया. कारखान्यांचा हंगाम लागला की ऊसतोड टोळ्या येतात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल अंगावर, म्हणून मधेच गाव गाठता येत नाही. पोरं खोपीवर धाकट्याला सांभाळत बसतात, शाळा सुटते ती सुटतेच. आपण खिचडी वाटतो, जुने कपडे देतो. ते असू दे, पण फाटकं देऊ नये. आणि वाटप करताना पोरांचे फोटो काढून स्टेटसला लावणं ही सेवा नव्हे, हे स्पष्टच सांगतो.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं मूल कधीही आलं तरी सरकारी शाळेनं त्याला वयाप्रमाणे वर्गात घ्यायचं असतं. दाखला मागाहून आला तरी चालतो. मराठवाड्यातल्या पोराला इथं मराठी शाळा मिळू शकते. मराठी शाळेची किंमत सीमाभागातल्या माणसाला आम्ही काय सांगावी! एखादं मूल एकटं, बेवारस दिसलं, तर परस्पर घरी ठेवून घेऊ नका; १०९८ ला फोन करा.

ज्यांच्या शिवारात टोळी उतरलीय, त्यांनी आधी आईबापांशी बोलावं, मग किती मुलं आहेत आणि वयं काय एवढंच ग्रुपवर कळवावं. नावं आणि फोटो नकोत. शाळेत बोलायला दोघं-तिघं मिळून जाऊ.

जय गुरुदेव.